उड्डाण-प्रशिक्षणातील सुरक्षा-संस्कृती आणि शोक : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तलाव, भातशेती, नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातील डोंगरावरचे प्रतापगड ही या जिल्ह्याची परिचित ओळख होय. प्रतापगडावर महादेवाचे स्थान व ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा अशी दोन्ही श्रद्धास्थाने असून महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. गेल्या दोन दशकांत याच जिल्ह्याला उड्डाण-प्रशिक्षणाचे केंद्र अशी आणखी एक ओळख प्राप्त झाली आहे. गोंदिया शहराजवळील बिरसी येथील विमानतळावरून देशाच्या विविध भागांतून आलेले तरुण-तरुणी वैमानिक होण्याचे शिक्षण घेतात. मात्र २०१७ आणि २०२३ या दोन वर्षांत येथून उडालेल्या प्रशिक्षण विमानांना अपघात झाले व प्रत्येक अपघातात दोन व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

अपघातानंतर उड्डाण-क्षेत्रातील समुदायात शोक कोणत्या रूपांत व्यक्त होतो, तो सुरक्षेला कसा पूरक किंवा मारक ठरतो आणि अपघाताचा धडा दीर्घकाळ टिकावयाचा असेल तर तो कोठे जपला पाहिजे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बिरसी आणि उड्डाण-समुदाय :

भारतात हौशी उड्डाणाची परंपरा जुनी आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. पुढील काळात निव्वळ छंद म्हणून विमान उडवणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मर्यादितच राहिली. लहान विमानांच्या जगात विद्यार्थी-वैमानिकांचेच प्रमाण अधिक आहे. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे आणि व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. हे तास विद्यार्थी, प्रशिक्षक, अभियंते आणि मोजके हौशी वैमानिक एकाच धावपट्टीवर, एकमेकांच्या सहवासात पूर्ण करतात. त्यामुळे हा समुदाय लहान असला तरी त्यातील परस्परसंबंध घट्ट असतात.

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. या परिसराचे प्रतिनिधी प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी उड्डाण खात्याचे मंत्री होते. याच सुमारास विमानतळाचा विकास झाला. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई कंपनी यांच्या सहभागाने येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे मुख्य केंद्र असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीनेही बिरसी येथून प्रशिक्षण-उड्डाणे केली आहेत.

सुरक्षा-संस्कृती : संकल्पना

'सुरक्षा-संस्कृती' ही संज्ञा १९८६ च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेच्या चिकित्सेतून रूढ झाली. नियम लिहिलेले असणे म्हणजे सुरक्षा नव्हे. कोणी पाहत नसताना माणसे कशी वागतात, चूक झाल्यास ती सांगतात की लपवतात, यावरून संस्थेची सुरक्षा-संस्कृती ठरते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघाताची उपपत्ती मांडताना चीजच्या चकत्यांचे उदाहरण वापरले आहे. प्रशिक्षण, देखरेख, यंत्रसामग्री, नियम हे प्रत्येक संरक्षण म्हणजे छिद्रे असलेली एक चकती. सर्व चकत्यांची छिद्रे एका रेषेत आली की अपघात घडतो. अखेरची चूक बहुधा वैमानिकाच्या हातून होते. परंतु तिच्यामागे अनेक छिद्रे आधीपासूनच असतात.

या विचारातून 'न्याय्य संस्कृती' ही कल्पना पुढे आली. प्रामाणिक चूक सांगणाऱ्याला शिक्षा होऊ नये. मात्र जाणूनबुजून केलेली बेपर्वाई क्षम्य मानू नये, असा तिचा आशय आहे. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघात-चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असून दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नाही. भारतात अशा चौकशीसाठी २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्यूरोची स्थापना झाली.

दोन अपघात :

२६ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे डीए-४२ हे दोन इंजिनांचे विमान गोंदिया-बालाघाट सीमेवर वैनगंगेच्या पात्रात कोसळले. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला ते धडकले होते. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघांचाही मृत्यू झाला. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीचे डीए-४० हे एक इंजिनाचे विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, लांजी परिसरातील भक्कूटोलाच्या डोंगराळ जंगलात कोसळले. याही वेळी प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी मृत्युमुखी पडले.

या घटनांतून भूभागाचे स्वरूप स्पष्ट होते. आकाशातून सपाट वाटणाऱ्या या प्रदेशात नद्यांवरील तारा, वीजवाहिन्या आणि जंगलातून अचानक वर येणारे डोंगर आहेत. तार ही वैमानिकाच्या दृष्टीने विशेष धोक्याची वस्तू होय. हवेतून खांब दिसतो, तार दिसत नाही. दिसते तेव्हा वळण्यास वेळ उरलेला नसतो. म्हणूनच दाट वस्तीवर किमान १००० फूट आणि अन्यत्र किमान ५०० फूट उंची राखावी, असा दृश्य-उड्डाणाचा सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय दंडक आहे. उंची म्हणजे नुसते अंतर नव्हे. बिघाड किंवा चूक सावरण्यासाठी मिळणारा तो वेळ असतो.

शोकाचे स्वरूप :

अपघातानंतरचा पहिला शोक कुटुंबाचा असतो आणि त्याची समाज दखल घेतो. परंतु मृत विद्यार्थिनीची खोलीतील सोबतीण, त्याच प्रशिक्षकाकडे शिकणारे इतर विद्यार्थी, उड्डाणापूर्वी त्या विमानाची तपासणी करणारा अभियंता यांच्या दुःखाला सहसा नाव मिळत नाही. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी अशा शोकासाठी १९८९ मध्ये स्वतंत्र संज्ञा योजली. ज्या दुःखाला समाज अधिकृत मान्यता देत नाही, ते दुःख उघडपणे व्यक्त करता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नातेवाईक सुतकात असतात. सहाध्यायी मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा विमानात बसलेला असतो.

उड्डाण-समुदायात या शोकाची तीन रूपे विशेषत्वाने आढळतात. पहिले रूप मौनाचे. 'गेलेल्याविषयी वाईट बोलू नये' हा आपल्या समाजाचा संस्कार आहे. त्यात माणुसकी आहे. पण त्यामुळे काय चुकले याची चर्चाही थांबते. दुसरे रूप गौरवाचे. 'जे आवडत होते ते करतानाच गेला' या वाक्यात सांत्वन असते. मात्र टाळता येण्यासारख्या मृत्यूला त्यातून अटळतेचा रंग चढतो. तिसरे रूप दुराव्याचे. 'मी असतो तर असे केले नसते' असे म्हणून वैमानिक स्वतःला मृतापासून वेगळे करतो. घटनेचा शेवट माहीत असताना मागचा प्रत्येक निर्णय उघड चुकीचा दिसतो. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांद्वारे दाखवून दिलेला हा पश्चात्-दृष्टीचा दोष होय. दुराव्याचे हे वाक्य वरकरणी टीका वाटते. वस्तुतः तेही भीतीचेच एक रूप आहे.

शोक आणि चौकशी :

शोक आणि चौकशी यांच्यात एक खरा ताण असतो. विमान इतके खाली का होते, हा प्रश्न चौकशी करणाऱ्याला विचारावाच लागतो. आई-वडिलांच्या कानी तो आरोपासारखा पडतो. अहवाल येण्यास विलंब होतो, त्यातील भाषा तांत्रिक असते आणि वृत्तपत्रांत त्याचे 'वैमानिकाची चूक' एवढेच सार उरते. ज्या चौकशीचा हेतू दोष देणे हा नाही, तिचा निष्कर्ष कुटुंबापर्यंत दोषारोप म्हणूनच पोहोचतो. तेथे न्याय्य संस्कृतीचा पहिला पराभव होतो.

यावर मौन हा उपाय ठरू शकत नाही. मृताचा सन्मान आणि मृत्यूचे कारण यांची गल्लत न करणे आवश्यक आहे. उत्तम प्रशिक्षकाच्या हातूनही चूक होते आणि चूक झाली म्हणून तो वाईट प्रशिक्षक ठरत नाही. ही दोन्ही विधाने एकाच सभेत, एकाच श्वासात म्हणता आली तर विद्यार्थ्याला स्वतःची चूक सांगण्याचे धैर्य येते. अमेरिकेत १९७६ पासून नासाच्या वतीने चालवल्या जाणाऱ्या गोपनीय अहवाल-व्यवस्थेचा पाया हाच आहे. अपघात थोडक्यात टळला तेव्हा तो सांगणारा मनुष्य जिवंत असतो; त्याचे ऐकून घेतले तर पुढच्या शोकसभेची वेळ कदाचित येणार नाही. मानसिक आधारासंबंधीही अशीच जाणीव वाढत आहे. युरोपात २०२१ पासून विमान कंपन्यांच्या वैमानिकांसाठी सहकाऱ्यांमार्फत आधार देणारी व्यवस्था बंधनकारक झाली आहे. प्रशिक्षणार्थी त्यांच्याहून वयाने लहान, घरापासून दूर आणि शुल्काच्या ओझ्याखाली असतात. त्यांना अशा आधाराची गरज अधिक आहे.

स्मृतीचा प्रश्न :

उड्डाण-प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थीवर्ग सतत बदलत असतो. अभ्यासक्रम साधारणतः दीड-दोन वर्षांत पूर्ण होतो. २०१७ चा अपघात पाहिलेला विद्यार्थी २०२३ मध्ये बिरसीला असण्याची शक्यता फारच कमी. प्रशिक्षकही बदलून जातात. शिवाय हे दोन अपघात दोन भिन्न संस्थांच्या विमानांचे होते. एका संस्थेतील शोक दुसऱ्या संस्थेच्या वर्गात आपोआप पोहोचत नाही. शोकामुळे काही काळ सर्वच जण सावध होतात. पण शोक करणारे निघून गेले की ती सावधताही निघून जाते. म्हणून केवळ दुःखाच्या आधारावर सुरक्षा उभी राहू शकत नाही. त्या दुःखाचे रूपांतर नित्य प्रघातात व्हावे लागते. प्रत्येक नव्या तुकडीला परिसरातील जुन्या अपघातांचा अभ्यास पहिल्याच आठवड्यात शिकवणे, तारा व टेकड्या दाखवणारा स्थानिक नकाशा अद्ययावत ठेवणे आणि एकाच विमानतळावरील संस्थांनी टळलेल्या अपघातांची माहिती परस्परांना देणे, हे असे प्रघात होत.

गावाचे स्थान :

या सर्व विवेचनात एक घटक सहसा वगळला जातो. तो म्हणजे जमिनीवरचे गाव. विद्यार्थी येतात-जातात, गाव तेथेच राहते. नदीवर तार कोठे आहे हे नावाड्याला, कोळ्याला, काठावरच्या शेतकऱ्याला रोज दिसते. विमान कोसळल्यावर सर्वप्रथम पोहोचतात तेही गावकरीच. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूर येथील प्रशिक्षण संस्थेचे विमान जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळले. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, विद्यार्थिनी जखमी झाली. तेथील आदिवासी ग्रामस्थांनी तिला झोळी करून दुर्गम वाटेने खाली आणले. त्या झोळीसाठी एका महिलेने स्वतःचे लुगडे दिले होते. जखमी विद्यार्थिनीला त्या घडीला मिळालेला आधार गावाचा होता. अशा प्रसंगी डोळ्यांनी पाहिलेले दृश्य गावकऱ्यांच्याही मनात राहते. त्यांच्या अस्वस्थतेची मात्र विचारपूस होत नाही.

लहान विमानांतील आणीबाणीचा संदेशक उपग्रहामार्फत संकेत पाठवतो व भारतात तो बंगळुरू येथील केंद्रात टिपला जातो. परंतु जंगलातली वाट दाखवण्याचे काम माणसालाच करावे लागते. म्हणून विमानतळाच्या परिसरातील आणि प्रतापगडासारख्या डोंगर-जंगलाच्या गावांना काही गोष्टी माहीत असणे हिताचे आहे. विमान कोसळलेले दिसल्यास ११२ किंवा १०८ वर तत्काळ कळवावे. इंधनाचा वास येत असल्यास विडी-काडी पेटवू नये. जखमीला आगीचा धोका असेल तरच हलवावे. अवशेष उचलून नेऊ नयेत, कारण लहानसा तुकडाही चौकशीत पुरावा ठरतो. मृतांची छायाचित्रे प्रसृत करू नयेत. घरच्यांना ती बातमी भ्रमणध्वनीवरील चित्रातून कळणे फार क्रूर असते. महाशिवरात्रीच्या यात्रेत पोलीस, आरोग्य व महसूल यंत्रणा प्रतापगडावर उपस्थित असतात. अशा प्रबोधनासाठी याहून सोयीची संधी नाही. तसेच नवी तार, मनोरा किंवा धोकादायकरीत्या खालून उडणारे विमान यांची माहिती ग्रामपंचायतीमार्फत विमानतळापर्यंत पोहोचण्याची सोपी वाट असणे गरजेचे आहे.

निष्कर्ष :

शोक हा सुरक्षेचा शत्रू नाही; मात्र तो आपोआप सुरक्षेचा मित्रही होत नाही. मौन, गौरव आणि दुरावा या रूपांत तो मृत्यूचे कारण झाकतो. प्रामाणिक कथन आणि नित्य प्रघात यांची जोड मिळाल्यास तोच पुढच्या विद्यार्थ्याचे रक्षण करतो. बिरसीच्या दोन अपघातांचे मोल वृत्तपत्राच्या कात्रणात राहून चालणार नाही. ते प्रत्येक नव्या तुकडीच्या पहिल्या पाठात, दोन संस्थांमधील संवादात आणि वैनगंगेच्या काठावरील गावांच्या स्मरणात राहिले पाहिजे. या परिसराविषयी ज्यांना सर्वाधिक माहिती आहे, ते विमान उडवत नाहीत. त्यांना सुरक्षा-व्यवस्थेचा भाग मानणे ही मृतांना वाहिलेली खरी श्रद्धांजली ठरेल.