पर्समधला चाकू

परवा एस.टी.ने साताऱ्याला निघाले होते. शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर चार-पाच वर्षांचा मुलगा. वाटेत गाडी थांबली तेव्हा त्यांनी पेरू घेतला. पेरू असा कडक, की मुलाचे दात बिचारे त्यावर नुसते घसरत होते. मी पर्स उघडली, चाकू काढला, पेरूच्या चार फोडी केल्या, मधला बियांचा गर काढला आणि फोडी त्याच्या हातात दिल्या. मुलगा खूश! बाई मात्र जराशा सरकूनच बसल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "तुम्ही हे रोज बरोबर ठेवता?"

ठेवते. गेली अकरा वर्षं ठेवते आहे. रुमाल, किल्ल्या, सुट्टे पैसे, तसा चाकू. मैत्रिणींनो, तुमच्याही मनात तोच प्रश्न आला असेल, म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकते : हा चाकू स्वसंरक्षणासाठी नाही. घडीच्या साध्या चाकूचं पातं पाठीमागच्या पट्टीच्या ताणावर उघडं राहतं, त्याला कुलूप नसतं. घाईगर्दीत त्याने कुणाला भोसकायला जाल, तर ते मिटेल आणि तुमचीच बोटं कापतील. हा चाकू आहे तो पेरूसाठी, पार्सलच्या सुतळीसाठी, गजऱ्याच्या दोऱ्यासाठी, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापण्यासाठी. दात लावून पिशवी फाडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मीही त्यातलीच होते.

माझा पहिला चाकू माझा नव्हताच. तो आजोबांचा, मग अण्णांचा. अण्णा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. सदऱ्याच्या खिशात पेन, चष्मा आणि हा चाकू. काळ्या शिंगाची मूठ, दोन पाती, एक मोठं आणि एक बोटाएवढं. लहान पात्याने ते पेन्सिलीला टोक करत. टोक लांबलचक, सुईसारखं निघे, आणि पेन्सिलीची सालं ते खाली सांडू देत नसत, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर गोळा करत. आम्हा भावंडांना चाकूला हात लावायची परवानगी नव्हती. बघायची होती.

अण्णा गेल्यावर घड्याळ थोरल्या भावाने घेतलं, सायकल धाकट्याने. चाकू कुणीच मागितला नाही. तो खिळे-स्क्रूंच्या डब्यात पडलेला मला दिसला. मी आईला विचारलं, "मी नेऊ?" आई म्हणाली, "ने. पण आधी रुपया दे. धारेची वस्तू फुकट घेऊ नये, नातं कापलं जातं." मी पर्समधून रुपया काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो देवापुढे ठेवला, आणि चाकू माझ्या हातात न देता पाटावर ठेवला. चाकू हातोहात दिला की भांडण होतं, हेही तिचंच. यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण पाटावर ठेवलेली धारेची वस्तू उचलताना कुणाची बोटं कापत नाहीत, एवढं मात्र खरं.

घरी आल्यावर भिंगातून पाहिलं, तर पात्याच्या बुंध्याशी गंजाखाली एक चांदणी आणि एक क्रॉस दिसला. थोडं वाचल्यावर कळलं, ही खूण इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची. घराण्याचं पहिलं चिन्ह तिथल्या चाकू-कारागिरांच्या संघाकडे नोंदवलं गेलं १६८२ साली! म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी. शेफिल्डचे चाकू एके काळी आपल्याकडे भरपूर येत. गंमत अशी, की त्यातल्या कित्येकांच्या मुठींसाठी सांबराची शिंगं आपल्याच देशातून जात. आपलंच शिंग साहेबाच्या पात्याला बसून परत आपल्याच बाजारात. (आता सांबरशिंगाच्या व्यापाराला आपल्याकडे बंदी आहे. कुणी 'अस्सल सांबरशिंग' म्हणून विकायला आणलं तर घेऊ नका.)

एकदा नजर बसली की वस्तू आपल्यापाशी चालत येतात. आज माझ्याकडे सात चाकू आहेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवते. सासूबाई त्या डब्याला 'सुनेचा दागिन्यांचा डबा' म्हणतात.

त्यातला तांबडा स्विस चाकू सगळ्यांच्या ओळखीचा. यजमानांच्या साहेबांनी दिवाळीत दिला. त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कारखाना काढला. तेव्हा स्विस सैनिकांचे चाकूसुद्धा जर्मनीहून आणावे लागले होते. एल्सनरने देशातल्या कारागिरांना एकत्र केलं आणि १८९१ पासून सैन्याला घरचे चाकू मिळू लागले. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त हत्यारांचा चाकू काढला. आज आपण पाहतो तो त्याचाच वंशज. १९०९ साली त्याची आई वारली. तिचं नाव व्हिक्टोरिया, तेच त्याने मालाला दिलं. पुढे १९२१ साली न गंजणारं पोलाद आलं, त्याचं 'इनॉक्स' मागे जोडलं आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स. जगभरच्या खिशांत त्या माउलीचं नाव आहे, आणि वापरणाऱ्यांना पत्ता नाही.

मला मात्र जास्त जवळचा वाटतो तो फ्रान्सचा ओपिनेल. मावसबहिणीने आणला. सव्वा हाताचा थाटमाट नाही, बीच लाकडाची गोल मूठ आणि एक पातं, बस्स. सॅव्हॉय प्रांतातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० साली तो शेतकऱ्यांसाठी बनवला. लहानमोठ्या मापांना नुसते आकडे आहेत. माझा आठ नंबर. मुठीच्या गळ्याशी एक कडं फिरतं, ते फिरवलं की पातं पक्कं होतं. ही सोय १९५५ सालची. मात्र मी पहिल्याच दिवशी त्याने कैरी चिरली आणि पाचच मिनिटांत पातं काळंनिळं! मी रडकुंडीला आले. नंतर कळलं, साध्या पोलादाचं तसंच होतं, आंबट लागलं की रंग बदलतो. तो गंज नव्हे. तो रंग चढल्यावर पातं उलट कमी गंजतं. आपल्या आज्यांच्या विळ्या काळ्याच असायच्या ना!

जपानी चाकू एक आहे, हिगोनोकामी. पत्रा दुमडून केलेली मूठ आणि पात्याला मागे एक छोटी दांडी. मिकी नावाच्या गावात होतो. एका पिढीतल्या जपानी शाळकरी मुलांनी पेन्सिली याच चाकूने केल्या. अण्णांना फार आवडला असता.

आणि रामपुरी? आहे, तोही आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ही कला नबाबांच्या काळापासूनची, पण हिंदी सिनेमाने तिची पार बदनामी केली. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमार आठवतो ना? तेव्हापासून पडद्यावर खटका वाजला की तो रामपुरीच. २०२३ साली त्या गावाने चौकात भला मोठा रामपुरी उभारला आणि चौकाला चाकूचंच नाव दिलं, ते मला तरी आवडलं. माझा रामपुरी अगदी छोटा, पितळी मुठीचा. पण तो डब्याबाहेर येत नाही. घरात पाहायला ठीक, पर्समध्ये शोभत नाही आणि पोलिसांनाही समजावता येणार नाही. उरलेले दोन जत्रेतले, पत्र्याच्या मुठीचे. खरं सांगू? भाजीच्या जुडीचा दोरा त्यांच्याइतका झटकन दुसरा कुणी कापत नाही.

बायकांनी धार बाळगणं काही नवीन नाही, बरं का. आमच्या पणजीच्या कनवटीला चंची असे आणि चंचीत अडकित्ता. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं दालन पाहून या, घोडे काय, मोर काय, राधाकृष्ण काय! पान खाणं सुटलं, चंची गेली, तिच्याबरोबर ती धारही गेली.

आता जी गोष्ट लिहायची नव्हती ती लिहिते.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, पाचवी-सहावीला मराठी. सुरुवातीची काही वर्षं चाकू शाळेतही माझ्या पर्समध्ये असे. मुलांच्या पेन्सिली मी त्यानेच करून देई. अण्णांसारखं लांब टोक निघालं की मुलं 'बाई, माझी! बाई, माझी!' करत टेबलाभोवती गोळा होत. मला ते आवडायचं, कबूल करते. एके दिवशी मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा घरून भाजीचा चाकू घेऊन आला. त्याला मैत्रिणीची पेन्सिल 'बाईंसारखी' करून द्यायची होती. चाकू घसरला. मुलीच्या तळहाताला तीन टाके पडले.

मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं तेव्हा टेबलावर तो भाजीचा चाकू होता. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमचाही इथे ठेवा." मी अण्णांचा चाकू त्याच्या शेजारी ठेवला. संध्याकाळी मुलीच्या घरी गेले. तिच्या आईने दार उघडलं, पण बसा म्हटलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं नसतं. मुलगी हाताला पट्टी बांधून आतून बघत होती. मी माफी मागितली आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी चाकू परत मिळाला, तो सरळ डब्यात गेला. सहा महिने मी एकही चाकू बरोबर नेला नाही. यजमान काही बोलले नाहीत, पण एकदा स्टेशनवर संत्रं सोलताना त्यांनी नकळत माझ्याकडे हात पुढे केला आणि मग मागे घेतला. त्यानंतर मी पुन्हा ठेवू लागले. फक्त शाळेच्या दिवशी नाही. शाळेची पर्स वेगळी केली. पेन्सिलींसाठी वर्गात आता टोकयंत्र आहे. टोक आखूड निघतं. मुलांना त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते मला.

ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून कुठे न्यावा, कुठे नाही, तेही सांगते. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना परवाना लागतो. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आपला तीन इंचांचा चाकू त्यात बसत नाही. पण निवडणुका, मोठे सण, मिरवणुका अशा वेळी पोलीस चाकूसुद्धा बाळगायला मनाई करणारा हुकूम काढू शकतात, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली. अशा दिवसांत चाकू घरी बरा. विमानात तर हातातल्या सामानात अजिबात नको. मी एकदा विसरले. तपासणीच्या पट्ट्यावर पर्स अडली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण आत अण्णांचा होता. तिथल्या पोलीस बाई म्हणाल्या, टाका नाहीतर बाहेर जाऊन सामानात द्या. यजमान धावत गेले. एका चाकूसाठी सबंध पिशवी सामानात दिली आणि विमानात आम्ही शेवटून दुसरे शिरलो. आता आदल्या रात्री सगळी पर्स पलंगावर उलटी करते.

निगेचं थोडक्यात. चाकू पाण्यात भिजत टाकू नका, मुठीत पाणी शिरतं. फळ कापलं की लगेच ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. बिजागरीला खोबरेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि चिकट होतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे, पात्यावर आलेलं पुसून टाका. स्टीलच्या ताटात कापलंत तर धार आठ दिवसांत गेली म्हणून समजा, लाकडी पाट घ्या. धारवाल्याच्या चाकावर जुना चाकू देऊ नका, पातं झिजून काडी होतं. घरी चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जो खरखरीत, न चकाकणारा काठ असतो ना, त्यावर पातं अगदी थोडं तिरकं धरून सात-आठ वेळा फिरवा, दोन्ही बाजूंनी सारखं. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की झालं. टोकाने डबे उचकटू नका. आणि बोथट चाकूची भीती जास्त बाळगा. धारदार सरळ जातो, बोथटाला जोर लावावा लागतो आणि तो घसरतो. त्या मुलाचा चाकू बोथटच होता.

आमचे चिरंजीव आता दहा वर्षांचे झाले. गेल्या महिन्यात त्यांनी चाकू मागितला. मी आठवडाभर त्याला काहीही कापू दिलं नाही. रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून नुसता उघडायचा आणि मिटायचा, बोटं पात्याच्या वाटेत न आणता. चौथ्या दिवशी तो कंटाळला, पाचव्या दिवशी नेमका येऊन बसला. आठव्या दिवशी जपानी चाकू आणि एक नवी पेन्सिल दिली, खाली वर्तमानपत्र अंथरलं. टोक वेडंवाकडं झालं, शिसं दोनदा मोडलं. सासूबाई शेजारी बसून पाहत होत्या. मध्येच त्याला म्हणाल्या, "अरे, आईला रुपया दिलास का?"

नव्हता दिला. उठून त्याने आपला गल्ला हलवला.