कुंपणातला काळवीट, माळावरचा चिंकारा

माण, खटाव, आटपाडी, जत हा सातारा-सांगलीचा अवर्षणप्रवण पूर्वपट्टा काळवीट-चिंकाऱ्यांचा पूर्वापार मुलूख आहे. लोक त्यांना सरसकट हरीण म्हणतात. पण सांबर-चितळांची शिंगे दरवर्षी गळतात, यांची जन्मभर टिकतात. दोघांनाही दाट झाडी मानवत नाही. चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर बराच काळ भागवतो. धोका जाणवला की पुढचा पाय आपटतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो, पळतो आणि थोडे अंतर जाऊन वळून बघतो.

संस्थानी शिकारींपासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंतचा काळ बंदुकीचा. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे.

माळाला खरा धक्का दिला तो १९८० च्या दशकाने, तोही भल्या हेतूने. १९७२ चा दुष्काळ लोक विसरले नव्हते. सरपण हवे होते, चारा हवा होता. १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग आला. माळांवर समतल चर खणले गेले, सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी लागली. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, हे महसुली गणित झाडे लावणाऱ्यांनीही बिनतक्रार मान्य केले. सावलीत मारवेल आणि कुसळ विरळ झाले. नजर आणि वेग यांवर जगणाऱ्या प्राण्याची नजरच अडली.

याच दशकात, १९८५ मध्ये, सागरेश्वर अभयारण्य घोषित झाले. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्याबोडक्या डोंगरांवर रान उभे राहिले. सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले गेले. काम मोठेच. पण क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर, भोवती तार. झाडी वाढली की सोय होते चितळ-सांबरांची. उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात आणि तार तुटली की जनावरे पिकांत उतरतात. सांगली जिल्ह्याने काळवीट कुंपणात जपला आणि बाहेरचा माळ वाऱ्यावर सोडला.

माळावर या प्राण्यांचे काम मोजता येण्याजोगे आहे. ते गवत खुडून नवा फुटवा आणतात, बोरी-बाभळीचे बी लेंड्यांतून दूर नेतात आणि लांडग्याचे भक्ष्य होतात. हे भक्ष्य आटले की लांडगा धनगरांच्या वाड्यावरची मेंढरे उचलतो.

पुढे ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी आले. दुष्काळी गावांनी पाणी नको म्हणावे, असे कोणी म्हणू नये. मात्र द्राक्ष-डाळिंबाच्या बागांबरोबर तारेची कुंपणे आली, वस्त्या वाढल्या, मोकाट कुत्री वाढली. पाडसांना आज बंदुकीपेक्षा त्यांचाच धोका जास्त. २०१० मध्ये पश्चिमेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि वाघाच्या नावाने लक्षही तिकडेच वळले. पूर्वेला मायणी आणि आटपाडी येथे संवर्धन राखीव क्षेत्रे झाली, पण ती लहान आहेत. चिंकाऱ्याची भिस्त अजून गायरानांवर आणि मेंढपाळांच्या चराऊ रानांवरच आहे. सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जागा शोधताना पहिली नजर जाते ती याच गायरानांवर. कागदोपत्री तिथे कोणी राहतच नाही.