बाकावरचा रुग्ण
आमच्या मोहल्ल्यातले डॉक्टर अम्मीची नाडी बघता बघता विचारायचे, "धाकट्याला नोकरी लागली का?" निम्मे दुखणे त्यांना उत्तरातच सापडे. ही विद्या मोठ्या रुग्णालयातल्या खाटेजवळ मिळत नाही. तिथे बळावलेला आजार येतो, घर मागेच राहते.

2019 मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'इलेक्टिव्ह' आले. म्हणजे काही आठवडे विद्यार्थ्याने आपल्या आवडीचा विषय निवडून शिकायचे. त्यातला एक टप्पा खेड्यातल्या किंवा शहरातल्या साध्या दवाखान्यात, देखरेखीखाली करण्याची मुभाही तेव्हा नियमात दिली गेली. तिथे ताप, जुना मधुमेह आणि सुनेची न बोललेली काळजी एकाच बाकावर बसलेली असतात.

तुमच्या घरात कुणी डॉक्टर होत असेल, तर त्याला सांगा, थोडे दिवस त्या बाकाजवळ काढ.