फोटोतली माणसं, फोटोमागचं गाव

आपली बायकांची फोटो बघायची एक ठरलेली पद्धत असते. लग्नाचा जुना फोटो हातात आला की आधी नवरी, मग तिची साडी, मग अंगावरचे दागिने, मग 'ही कोण गं, आत्याबाईंची थोरली का?' अशी चौकशी. गेलेल्या माणसांसाठी थोडं हळहळायचं आणि फोटो परत पाकिटात. त्या माणसांच्या पाठीमागे जे उभं असतं, त्याच्याकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. मैत्रिणींनो, मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे. माणसं फोटोसाठी सजून उभी राहतात. मागची भिंत, दार, झाड, रस्ता कुणी सजवलेला नसतो. तो जसा होता तसाच फोटोत येतो.

आमच्या नेवाशात दोन वर्षांपूर्वी बचत गटाच्या संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मी सगळ्यांना एक विनंती केली, "येताना घरातला सगळ्यात जुना फोटो घेऊन या." पंचवीस-तीस जणी आल्या. कुणी ट्रंकेतून काढला होता, कुणी भिंतीवरची फ्रेमच उचलून आणली होती. सतरंजीवर सगळे फोटो मांडले आणि मी म्हटलं, "आज माणसं बघायची नाहीत, मागचं गाव बघायचं." आधी सगळ्या हसल्या. पण अर्ध्या तासाने तिळगूळ बाजूला राहिला आणि प्रत्येकीचं बोट कुठल्या तरी फोटोवर टेकलेलं होतं.

फोटो कुठला, हे ओळखायला आमच्याकडे एक हक्काची खूण आहे, ती म्हणजे मोहिनीराजाचं शिखर. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७७३ च्या सुमारास बांधलेलं हे मंदिर. गावातलं बाकी सगळं बदललं, पण शिखर जागेवर आहे. एका बारशाच्या फोटोत बाळंतीण घराच्या वरच्या माळवदावर उभी आहे आणि तिच्या खांद्यामागे शिखर दिसतंय. मधल्या सगळ्या जागेत सपाट माळवदं, एक कडुनिंब आणि मोकळं आभाळ. फोटो १९६८ चा. आम्ही दोघी-तिघी मुद्दाम त्या घरी गेलो. आता तिथे तीन मजली स्लॅब आहे. गच्चीवर जाऊन उभ्या राहिलो, तर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि डिशच्या छत्र्यांच्या मधून शिखराचा कळसच तेवढा दिसला.

एकाच जागेवरून पुन्हा फोटो काढून बदल मोजायची ही रीत आमची नाही बरं का. युरोपात आल्प्स पर्वतातल्या हिमनद्या किती सरकल्या हे बघायला शास्त्रज्ञ १८८० च्या दशकापासून हेच करत आले आहेत. आपण आपल्या गल्लीपुरतं करायला काय हरकत आहे?

माळवदाचा विषय निघाला आणि जुन्या बायकांना बोलायला जोर आला. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, हे आपल्याकडचं जुनं छप्पर. उन्हाळ्यात खाली गारेगार. मी म्हटलं, "किती छान होती ना ती घरं!" तशी एक आजी फटकन म्हणाल्या, "छान दिसायला हो. पावसाळ्यात रात्रभर गळक्याखाली भांडी मांडत कोण बसायचं? आम्हीच ना!" दर वर्षी पावसाच्या आधी माती चढवायची, भिंती पोतारायच्या, जमिनी सारवायच्या, हे सगळं बायकांच्याच हातचं काम. त्यामुळे स्लॅब आला तेव्हा त्यांना वाईट वाटलं नव्हतं. पुढे लाकूड महागलं, माळवद घालणारे हात मिळेनासे झाले, वाटण्या होऊन वाड्याचे तुकडे पडले. आधी पत्रा आला, मग सिमेंट. गेलं ते काय, असं विचारलं तर बहुतेक सगळ्या जणी एकच म्हणाल्या, "ओसरी." दुपारी निवडण-टिपण करत चार जणी बसायच्या ती जागा नव्या घरात राहिली नाही.

घाटावरच्या फोटोंचंही तसंच. प्रवरेच्या घाटावर डोक्यावर हंडा-कळशी घेतलेल्या बायका फोटोत सुंदर दिसतात. पण त्यातली प्रत्येक खेप मानेवर बसलेली असते. नळ आला त्याचं दुःख कुणालाच नाही. जुना फोटो बघताना हे विसरायचं नाही. काय गेलं एवढंच नाही, काय सुटलं हेही त्यात दिसतं.

गावाबाहेरच्या फोटोंत बदल आणखी मोठा आहे. जुन्या फोटोत वरात चालली आहे ती उघड्या माळावरून, कडेला बाजरी नाहीतर ज्वारीची धाटं. नंतरच्या फोटोंत त्याच बाजूला उसाची हिरवी भिंत. मधल्या काळात मुळा धरणाचं पाणी कालव्याने तालुक्यात आलं, सोनई आणि भेंड्याला साखर कारखाने उभे राहिले. हा सगळा इतिहास कुणा नवरदेवाच्या घोड्यामागे आपोआप नोंदला गेला आहे.

पण पाण्याने सगळ्यांना सारखंच दिलं नाही. त्या दिवशी सगळ्यात शेवटी एका मावशींनी पदराखालून पाकीट काढलं. सत्तरी ओलांडलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. १९७१ चा त्यांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो. नवरा-नवरी अवघडून उभे आणि मागे दगडी चौकटीचं दार, दाराशेजारी तुळशीवृंदावन. मावशी नवऱ्याकडे नाही, दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, हे माझ्या म्हायेरचं दार. आता पाण्यात हाय."

त्यांचं माहेर गोदाकाठचं. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं. नाथसागराचं पाणी मागे पसरत आपल्या तालुक्यात प्रवरासंगमापर्यंत आलं. नगर आणि संभाजीनगर, दोन्ही जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठली. मावशींचे भाऊ पुनर्वसनात गेले, घराचं सामान बैलगाड्यांतून हललं, पण दार काही नेता आलं नाही. "दुष्काळात पाणी लई आटलं तवा भाऊ बघाया गेला व्हता. म्हणला, नुसते दगड हायेत, वळखू येत न्हाई." म्हणजे त्या घराचा या जगात उरलेला एकमेव पुरावा मावशींच्या पाकिटात होता. आणि तो फोटो घरातल्यांनी दिवाळीच्या साफसफाईत टाकून द्यायला काढला होता! सून म्हणाली होती, "डाग पडलेत, चेहरे पण दिसत नाहीत." चेहरे खरंच पुसट झाले आहेत. पण दार स्वच्छ दिसतंय.

त्या फोटोच्या आम्ही चार प्रती करून आणल्या, भावांच्या मुलांसाठी. मावशींची नात नववीत आहे. ती म्हणाली, "आजी, तुझं गाव होतं हे मला माहीतच नव्हतं." सून काही बोलली नाही, पण पुढच्या महिन्याच्या बैठकीला तीच तो फोटो चौकटीत बसवून दाखवायला घेऊन आली.

नेवाशाला हे खरं तर नवीन नाही. इथली लाडमोड टेकडी तुम्हाला माहीत असेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ मध्ये तिथे उत्खनन केलं आणि १९६० साली त्याचा मोठा अहवाल छापला. पुढेही काही वर्षं काम झालं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी निघाल्या आणि त्या जमिनींखाली मातीच्या भांड्यांत पुरलेली लहान मुलं. गेलेलं लेकरू घरातच, आपल्याजवळच ठेवणारी ती आई कशी असेल, हा विचार मनातून जात नाही. उत्खननाची एक अडचण असते. खालचा थर बघायचा तर वरचा काढावाच लागतो आणि काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून प्रत्येक थराचे फोटो आणि नकाशे काढून ठेवतात. नंतर तेच साक्षीदार. आपल्या गावाचंही हेच चाललंय. जुना वाडा पाडून नवं घर उठतं, एक थर निघून जातो. फक्त इथे फोटो काढायला कुणी उभं नसतं.

देवळांचं तसं नाही. इंग्रजांच्या काळात पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्ससारख्या अधिकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या जुन्या मंदिरांचे फोटो काढून ठेवले. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो, त्या खांबाचीही १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे, गावाच्या पश्चिमेला, गावाबाहेर म्हणून. आज तिथे मंदिर आहे आणि एकादशीला गर्दी. मोठ्या वास्तूंची दखल घेणारे होते. पण तुमच्या-माझ्या ओसरीची, आडाची, बोळाची दखल कोण घेणार? ती फक्त घरच्या फोटोंत आहे, आणि ते फोटो आपल्या ट्रंकेत.

अजून एक गोष्ट खटकली ती सांगते. एका मोठ्या कुटुंबाच्या फोटोखाली सगळ्या पुरुषांची नावं सुबक अक्षरात होती. खाली बसलेल्या सात बायकांसाठी मात्र दोनच शब्द, 'घरातील मंडळी'. त्या सात जणींपैकी पाच जणींची नावं सांगू शकणारी एकच आजी आता हयात आहे. आम्ही ती त्याच दिवशी लिहून घेतली.

म्हणून सांगते मैत्रिणींनो, एवढं कराच. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, कोण, कुठे, कधी, आणि मागे कुणाचं घर आहे. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला वण उठतो. साल आठवत नसेल तर खुणा शोधा. घरावर टीव्हीचा अँटेना दिसला तर फोटो बहुतेक १९८५ च्या आसपासचा किंवा नंतरचा, एसटीडी-पीसीओची पाटी दिसली तर बहुधा नव्वदच्या दशकातला. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही जपा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत असतील तर काढून कागदी पाकिटात ठेवा, लॅमिनेशन अजिबात करू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, तसाच राहू द्या. मोबाईलवर प्रत काढायची तर दिवसा, दाराशी, सावलीत, फ्लॅश बंद करून. आणि ती प्रत एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका, माहेरी एक, सासरी एक पाठवा.

घर पाडायचं ठरलं असेल तर पहिली कुदळ पडायच्या आधी एक काम करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला दारात उभी करा आणि चौकटीसकट, उंबऱ्यासकट, शेजारच्या भिंतीसकट फोटो काढा. तिचं नाव लिहा, पूर्ण नाव. आज तो साधा वाटेल. पन्नास वर्षांनी कुणाची तरी नात त्या दारावर बोट ठेवून विचारेल, आणि उत्तर फोटोच्या मागेच लिहिलेलं असेल.