जांभळ्या झोताचा हंगाम

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या लीगमध्ये तीस संघ आहेत आणि त्यांतले सोळा प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, जातात. निम्म्याहून अधिक. अशा स्पर्धेत सलग सोळा हंगाम प्लेऑफच्या बाहेर राहायचे, तर त्यालाही एक चिकाटी लागते. सॅक्रामेंटो किंग्जने ती दाखवली होती. २००६ साली त्यांनी शेवटचा प्लेऑफ खेळला आणि २०२२ उजाडले तरी दुसऱ्याचा पत्ता नव्हता. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी आहे, हे अनेकांना मुद्दाम सांगावे लागते. सगळा झगमगाट लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोकडे. इकडे शेतीचे खोरे. लॉस एंजेलिसच्याच लेकर्स संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या शहराची 'गुराढोरांचे गाव' म्हणून थट्टा केली, तेव्हा इथले प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन सामन्यांना येऊ लागले. त्या घंटा मैदानात आजही वाजतात. २००२ साली याच लेकर्सविरुद्ध हा संघ अंतिम फेरीच्या दारात सातव्या सामन्यापर्यंत लढून हरला. त्या मालिकेतल्या सहाव्या सामन्यातल्या पंचगिरीचा विषय तिथे अजून निघतो, आणि निघाला की लवकर मिटत नाही.

संघ तसा भटका. रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी अशी बिऱ्हाडे करत १९८५ मध्ये सॅक्रामेंटोत आला. एकमेव अजिंक्यपद १९५१ चे, तेही रॉचेस्टरच्या काळातले. २०१३ मध्ये तो सिएटलला जायला निघालाच होता. पण लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले आणि विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेतला.

आडनाव मराठी, जन्म मुंबईचा, बालपण जुहूचे. पुढे एमआयटी आणि मग सिलिकॉन व्हॅलीत टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी. रणदिव्यांचे नाव बास्केटबॉलच्या जगात पसरले ते मुलीच्या शालेय वयाच्या संघामुळे. मुलींना धड फेकता येत नव्हते, म्हणून यांनी त्यांना प्रतिस्पर्ध्यावर मैदानभर दबाव टाकत राहायला शिकवले आणि संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेला. माल्कम ग्लॅडवेल यांनी त्यावर लिहिले आणि गोष्ट जगभर गेली. किंग्जच्या बाबतीत मात्र असा गनिमी कावा चालला नाही. मालक खेळात नको तितके लक्ष घालतात, अशी टीका त्यांच्यावर सतत झाली. प्रशिक्षक येत राहिले, जात राहिले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसरी निवड हाती असताना पुढे मोठा तारा ठरलेल्या लुका डॉनचिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतले गेले. तो निर्णय आठवला की सॅक्रामेंटोकर आजही कपाळावर हात मारतात. संघ शहरातच राहिला आणि २०१६ मध्ये भर वस्तीत नवे गोल्डन वन सेंटर उभे राहिले, हे श्रेय रणदिव्यांचे खरेच. त्या इमारतीत शहराचा पैसाही भरपूर आहे, तेही विसरू नये.

त्यांच्याच आग्रहाने ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज मुंबईत आले. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने झाले. एनबीएचे भारतातले हे पहिले सामने. पहिल्याला शाळेतल्या मुलांनी डोम भरला होता आणि तो जादा वेळेत गेला. किंग्ज दोन्ही हरले. पाहुण्या पेसर्सच्या ताफ्यात तेव्हा डोमंतास साबोनिस नावाचा लिथुआनियन खेळाडू होता.

हाच साबोनिस फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅक्रामेंटोत आला. त्याच्या बदल्यात टायरीस हॅलिबर्टन गेला: कोवळा, हसरा, शहराचा लाडका. संघव्यवस्थापक माँटी मॅकनेअर यांना चाहत्यांनी फैलावर घेतले. पुढच्या मे महिन्यात माइक ब्राउन यांची प्रशिक्षक म्हणून निवड झाली. शेजारच्या गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये ते स्टीव्ह कर यांचे सहायक होते. कीगन मरे ड्राफ्टमधून आला, केव्हिन हर्टर अटलांटाकडून, मलिक मंक लेकर्सकडून. मंक आणि किंग्जचा गार्ड डीॲरन फॉक्स केंटकी विद्यापीठात एकत्र खेळलेले. एकूण खरेदी सामान्य घराच्या बजेटातली. नजरेत भरणारा तारा कुणीच नाही.

त्या हंगामातला या संघाचा खेळ पाहायचा तर साबोनिसकडे पाहावे. तो पेनल्टी फेकीच्या रेषेच्या टोकाशी, बास्केटकडे पाठ करून, चेंडू धरून उभा राहतो. कोपऱ्यातून हर्टर धावत येतो, साबोनिसच्या हातातून चेंडू घेतो आणि त्याच्याच रुंद खांद्याआड तीन गुणांची फेक टाकतो. बचाव करणारा आधीच पुढे सरकला, तर हर्टर मध्येच वळून बास्केटकडे पळतो आणि चेंडू जमिनीवर एक टप्पा घेऊन त्याच्या हातात पोहोचतो. दोघे बचावपटू हर्टरमागे गेले, तर साबोनिस स्वतःच आत घुसतो. रेल्वे स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीसारखा हा माणूस. सगळे त्याच्यापाशी येतात आणि तिथून आपापल्या दिशेने सुटतात. डिसेंबरात त्याच्या उजव्या अंगठ्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया टाळून, हात बांधून तो खेळत राहिला आणि हंगामअखेर सामन्यामागे १२.३ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकींचे चेंडू, घेऊन लीगमध्ये पहिला आला.

दुसरे टोक फॉक्सचे. साबोनिस सावकाश, फॉक्स विजेसारखा, दोघेही डावखुरे. शेवटची पाच मिनिटे आणि फरक पाच गुणांच्या आत, अशा अवस्थेला एनबीएत 'क्लच' म्हणतात. त्या मिनिटांत फॉक्सने हंगामभरात १९४ गुण केले, सर्वांत जास्त. यासाठीचा पुरस्कार लीगने त्याच वर्षी सुरू केला होता. पहिला मानकरी तोच.

सुरुवात मात्र नेहमीसारखी झाली: चार सामने, चार पराभव. पाचव्यात मायामीला हरवले. त्या मोसमापासून संघाने एक नवी रीत घातली होती. सामना जिंकला की मैदानात मोठे बटण दाबायचे आणि इमारतीच्या छतावरून लेसरचा जांभळा झोत सरळ आकाशात सोडायचा. कागदावर ही जाहिरात विभागाची करामत वाटते, आणि होतीही तशीच. पण नोव्हेंबरात सलग सात सामने जिंकल्यावर तिची मालकी बदलली. सामना हातात आला की प्रेक्षक ओरडू लागत, 'लाइट द बीम!' संघ परगावी जिंकला तरी झोत पेटे, त्यामुळे टीव्ही न पाहताही निकाल कळे.

प्रशिक्षक ब्राउन जुन्या वळणाचे, बचावाचे भक्त. जिंकलेल्या सामन्यानंतर सर्वांत चांगल्या बचावपटूच्या गळ्यात ते एक जाडजूड साखळी घालत. गंमत अशी की बचावात हा संघ तळाकडच्यांतच राहिला. आक्रमणात मात्र सामन्यामागे १२०.७ गुण, लीगमध्ये अव्वल. २४ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसमध्ये क्लिपर्सशी दोन जादा डाव झाले आणि किंग्ज १७६-१७५ असे जिंकले. मंकचे ४५, फॉक्सचे ४२. एनबीएच्या इतिहासात याहून जास्त गुणांचा सामना एकच, १९८३ मधला डेट्रॉइट-डेन्व्हर. बचावाच्या भक्ताला त्या रात्री झोप कशी लागली असेल कोण जाणे.

एक कोरडी गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण माझ्या मते अर्धा हंगाम तिच्यात आहे. हॅरिसन बार्न्स ८२ पैकी ८२ सामने खेळला, मरे ८०, साबोनिस ७९. थकलेल्या ताऱ्यांना विश्रांती देण्याची पद्धत रुळलेल्या काळात यांचे पहिले पाच जण जवळजवळ रोज कामावर हजर होते. मरेने तीन गुणांच्या २०६ फेकी साधून पदार्पणाच्या हंगामातला नवा विक्रम केला, तोही या हजेरीच्या जोरावरच.

२९ मार्च २०२३ ला पोर्टलंडमध्ये १२०-८० असा विजय मिळाला आणि दुष्काळ संपला. साबोनिसचा जन्म याच शहरातला. त्याचे वडील, थोर आर्विदास साबोनिस, इथल्याच संघाकडून खेळत. शेवटी ४८ विजय, ३४ पराभव, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक. ब्राउन एकमताने सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक ठरले. असे आधी कुणाच्या बाबतीत झाले नव्हते.

पहिल्या फेरीत समोर आले गतविजेते वॉरियर्स, जेमतेम दीडशे किलोमीटरवरचे आणि ब्राउन यांचे जुने घर. घरचे पहिले दोन सामने किंग्जने घेतले. दुसऱ्यात वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनने खाली पडलेल्या साबोनिसच्या छातीवर पाय दिला आणि ग्रीनला एका सामन्याची बंदी झाली. तिसरा गेला. चौथ्यात, शिल्लक नसताना वॉरियर्सच्या स्टेफ कुरीने टाइमआउट मागितला, दंड म्हणून किंग्जला एक गुण मिळाला, पाठोपाठ फॉक्सने तीन गुण टाकले आणि फरक एकाचा उरला. शेवटची फेक बार्न्सकडे आली. वॉरियर्सबरोबर २०१५ चे अजिंक्यपद जिंकलेला हा खेळाडू. चेंडू रिंगवरून बाहेर आला, १२६-१२५. तो आत पडता, तर मालिका ३-१ झाली असती. त्याच सामन्यात फॉक्सच्या फेकीच्या हाताची तर्जनी मोडली.

पण मालिका बोटामुळे गेली असे मला वाटत नाही. साबोनिस लांबून फेकत नाही, हे ओळखून वॉरियर्सने त्याला मोकळे सोडले आणि त्याच्यासमोरचा बचावपटू मागेच ठेवला. खिडकीभोवतीची वाट अशी बंद झाली. तरी सहावा सामना किंग्जने सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन जिंकला. ३० एप्रिलला, सातव्यात, घंटांच्या गजरात कुरीने ५० गुण केले. निर्णायक सातव्या सामन्यात इतके कुणीच केले नव्हते. त्याचा सहकारी केव्हॉन लूनीने २१ रिबाउंड घेतले. १२०-१००, सामना आणि मालिका वॉरियर्सची.

पुढच्या वर्षी ४६ विजय आले, क्रमांक नववा. एप्रिल २०२४ मध्ये पात्रता सामन्यात हेच वॉरियर्स पुन्हा घरी आले. मरेने ३२ गुण करून त्यांना ११८-९४ असे परत पाठवले. तीन दिवसांनी न्यू ऑर्लिन्सने किंग्जनाही घरी पाठवले. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना काढले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये एनबीएच्या अंतिम फेरीत इंडियाना पेसर्स खेळत होते आणि त्यांचा सूत्रधार होता टायरीस हॅलिबर्टन.