लॅब नाही? फोनच्या ब्राउझरमध्ये सर्किट जोडा

बऱ्याच शाळांत विजेचा धडा फळ्यावरच्या आकृतीतच संपतो. बल्ब आणि वायर कुणाच्या हाताला लागतच नाहीत. त्यावर मला सगळ्यात जास्त आवडलेली फुकट वेबसाइट म्हणजे 'फेट'. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, आणि लॉगिनची कटकट नाही.

त्यातलं 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी' उघडा. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचे दोन बल्ब एकसर जोडा. अ‍ॅमीटर ०.४५ अँपिअर दाखवेल, बल्ब मिणमिणतील. आता तेच बल्ब समांतर जोडा. प्रत्येकातून ०.९ अँपिअर, बॅटरीतून एकूण १.८! एक बल्ब काढला तरी दुसरा पेटलेलाच राहतो. घरातलं वायरिंग समांतर का असतं, ते इथे डोळ्यांना दिसतं. बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या वायरने जोडलीत तर स्क्रीनवर चक्क ज्वाळा येतात. (खऱ्या बॅटरीवर हे करू नका हं!)

पण नुसतं इकडेतिकडे टॅप करत बसलात तर तो गेमच होतो. माझं म्हणणं, जोडायच्या आधी उत्तर वहीत लिहा. अंदाज चुकला की खरं डोकं चालायला लागतं. वर्गात एकच फोन असेल, तर सर-मॅडमनी आधी सगळ्यांचे हात वर करून अंदाज विचारावेत.

आणि नेटचं काय? हे सिम्युलेशन म्हणजे एकच एचटीएमएल फाइल आहे. वाय-फाय मिळेल तिथे डाउनलोड करून ठेवा, ब्लूटूथने मित्रालाही पाठवा. नंतर ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते.