ॲसिडच्या बाटलीला हात लावण्याआधी : दगडी फरशीवरचे डाग, गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ आणि आसपासच्या गावांत घरांची अंगणे प्रामुख्याने तीन दगडांची असतात. जुन्या वाड्यांच्या चौकात इथल्याच खाणींतला काळा पाषाण असतो. नंतरच्या घरांत शहाबादी फरशी आली. ती सोलापूरच्या पलीकडून, कलबुर्गी जिल्ह्यातून येते. पायऱ्यांना आणि कट्ट्याला आंध्रातला काळा कडप्पा वापरतात. या दगडांवर कधी पांढरे, कधी तांबूस, कधी काळे डाग उमटतात. ते कशाने पडले हे घरात कुणाला सांगता येत नाही, आणि मग दुकानातून ॲसिडची बाटली येते. दगडाचे खरे नुकसान बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. दगड कोणता आणि डाग कशाचा, ही दोन उत्तरे मिळेपर्यंत फरशीला काहीही लावू नये, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. त्यामागची कारणे रंगांच्या क्रमाने पाहू.

गैरसमज : दगड तो दगड, ॲसिडने सगळे निघते

काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. तो लाव्हारस थंड होऊन तयार झाला. शहाबादी, कडप्पा आणि राजस्थानचा कोटा हे मात्र चुनखडक आहेत. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. शहाबाद आणि वाडी परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच चुनखडकामुळे. कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि दगड विरघळू लागतो. त्यामुळे ओळखीची चाचणी घरीच करता येते. फरशीचा नजरेआड असलेला कोपरा जरा खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा थेंब टाकावा. भुकटी फसफसली तर दगड चुनखडक आहे आणि त्याला आम्लापासून दूर ठेवायला हवे. यावर कुणी म्हणेल की ॲसिड मारल्यावर फरशी डोळ्यांदेखत उजळते, तिचे काय? ती उजळते, कारण मळासोबत दगडाचा वरचा थरही निघून जातो. खालचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि पुढचा मळ तिथे अधिक लवकर बसतो. सांध्यांतले सिमेंटही झिजते. बाजारातल्या पिवळसर ॲसिडमध्ये लोहाचा अंश असतो, त्यातून काही दिवसांनी नवे तांबूस डाग उठतात. शिवाय अभिक्रियेतून तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड नीट धुतले गेले नाही तर हवेतला ओलावा ओढून घेते आणि फरशी ठिकठिकाणी दमट राहते. लिंबू, चिंच, व्हिनेगर घरचे म्हणून निरुपद्रवी, असेही अनेकांना वाटते. तांब्याची भांडी उजळणारी चिंच चुनखडकाला मात्र खातेच, फक्त जरा सावकाश.

गैरसमज : पांढरे दिसले म्हणजे बोअरच्या पाण्याचे क्षार

पांढऱ्या खुणा तीन वेगवेगळ्या कारणांनी येतात आणि त्यांचे उपाय एकमेकांना छेद देणारे आहेत. पहिली खूण लोणा लागल्याची. जमिनीतला किंवा सिमेंटमधला ओलावा क्षार घेऊन वर येतो, पाणी उडून जाते आणि मऊ, भुरभुरीत पांढरा थर मागे राहतो. तो बोटाने पुसला जातो आणि सांध्यांच्या कडेला जास्त दिसतो. इथे पाणी मारणे ही चूक ठरते, कारण क्षार विरघळून पुन्हा दगडात शिरतात. आधी कोरड्या ब्रशने झाडून भुकटी उचलावी आणि ओल कुठून येते ते शोधावे. दुसरी खूण जड पाण्याची. कूलरखाली, माठाखाली, नळाच्या धारेखाली कडक पापुद्रा बसतो. तो हाताने निघत नाही. हा पापुद्रा कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो, म्हणजे चुनखडकाच्या जातीचाच. पापुद्रा विरघळवून खालची फरशी शाबूत ठेवील असे आम्ल असू शकत नाही. त्यामुळे प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडणे किंवा कारागिराकडून पुन्हा पॉलिश करून घेणे हाच मार्ग उरतो. तिसरी खूण सर्वांत फसवी. कडप्प्यावर पेल्याच्या बुडाएवढे पांढरट वर्तुळ दिसते आणि कितीही घासले तरी जात नाही. ते जाणार नाहीच, कारण तिथे काही लागलेले नसून दगडच गेलेला आहे. लिंबूसरबत किंवा चिंचेचे पाणी सांडून तिथली झिलई खाल्ली गेली. खोबरेल तेल चोळले की वर्तुळ काही दिवस झाकते, पण त्या तेलावर धूळ चिकटते. पॉलिश हाच खरा इलाज. काळ्या पाषाणातले पांढरे ठिपके मात्र अनेकदा त्याच्या पोकळ्यांत तयार झालेली झिओलाइटसारखी खनिजे असतात. तो दगडाचा स्वभाव आहे, त्याला डाग म्हणू नये.

गैरसमज : तांबूस म्हणजे गंजच

लोखंडी खुर्चीच्या पायाखालचा गोल डाग गंजाचा, हे सहज ओळखता येते. पण कुठलीही लोखंडी वस्तू नसताना शिंतोड्यांसारखे नारिंगी ठिपके आले, तर शेतीच्या सामानाकडे पाहावे. ऊस पिवळा पडून केवडा दिसला की इथे हिराकस वापरतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्याचे सांडलेले कण ओले झाले की हवेतल्या प्राणवायूने त्यांचा गंजासारखाच डाग होतो. तारेच्या काथ्याने फरशी घासली तर पोलादाचे बारीक तुकडे दगडात अडकतात आणि पुढच्या पावसात गंजतात. काही चुनखडकांत लोहाचे सल्फाइड असलेले कण असतात. त्यांच्याभोवती येणारी तांबूस छटा दगडाच्या आतून येते, ती वरून कायमची पुसता येत नाही. हळदीची गोष्ट तर पूर्ण वेगळी. लग्नघरी हळद सांडते, कुणी तिच्यावर सोडा किंवा साबण ओततो आणि पिवळा डाग क्षणात लाल होतो. हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. हा लाल रंग पाहून कुणी गंजाचे औषध आणले तर ते वाया जाते. साध्या पाण्याने साबण काढून जागा उन्हात मोकळी ठेवावी. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही आणि सोलापूरच्या उन्हाला तर ते फारच लवकर हार जाते. खऱ्या गंजासाठी चुनखडकावर सोडियम सायट्रेट, ग्लिसरीन आणि पाणी खडूच्या भुकटीत कालवून केलेला लेप वापरतात.

गैरसमज : काळे म्हणजे शेवाळ, ब्लीचिंग टाकले की झाले

सावलीतल्या, सदा ओल्या जागी आलेला बुळबुळीत थर शेवाळाचा असतो आणि पातळ ब्लीचिंगने तो जातो. दगडाला घट्ट धरून बसलेले करडे-काळे गोल चट्टे मात्र शेवाळाचे नसतात. ती मसाल्यातल्या दगडफुलाची भावकी आहे. त्यांना भिजवून, मऊ ब्रशने, पुन्हा पुन्हा काढावे लागते. पणतीच्या तेलाचा काळपट डाग ब्लीचिंगला दाद देत नाही. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाही, तसाच उभा राहतो. तेलाची खूण हीच. बाभळीच्या शेंगा किंवा ओला पाला लोखंडी बादलीशेजारी कुजला तर निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करत, तीच रसायनक्रिया अंगणात घडते. ब्लीचिंगने त्यातला पाल्याचा रंग उडतो, पण लोह मागे राहून तांबूस दिसू लागते. आणि पावसानंतर राहिलेला काळा पट्टा कित्येकदा नुसती ओल असते. त्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. आतून पाण्याचे थेंब धरले तर प्रश्न निचऱ्याचा आहे, स्वच्छतेचा नाही. एक गोष्ट जिवाची म्हणून स्वतंत्र सांगायला हवी : ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. एकाने काम झाले नाही म्हणून त्यावर लगेच दुसरे कधीही ओतू नये.

गैरसमज : घासले म्हणजे निघते, आणि सीलर मारला की काळजी मिटली

दगड सच्छिद्र असतो. आत मुरलेला डाग वरून घासल्याने हलत नाही, त्याला बाहेर ओढावे लागते. ते काम लेप करतो. तेलासाठी मुलतानी माती किंवा खडूची भुकटी साबणाच्या पाण्यात घट्ट कालवून बोटभर जाड थापावी, प्लास्टिकने झाकून दिवसभर ठेवावी, मग उघडी करून पूर्ण वाळू द्यावी. वाळताना ओलावा लेपाकडे सरकतो आणि डाग सोबत नेतो. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते. ताजमहालाच्या संगमरवरावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९९४ पासून वेळोवेळी मुलतानी मातीचे लेप दिले. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच. सीलरबद्दल एवढेच की तो वाईट नाही, पण ओल्या दगडावर मारला तर ओल आत कोंडते, क्षार थराखाली साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दगड पूर्ण सुकलेला असतो त्या एप्रिल-मेमध्ये, डाग काढून झाल्यावर, हवा खेळू देणारा सीलर लावावा.

एवढी तपासणी करायला वेळ कुणाला आहे, हा आक्षेप खरा आहे. पण हिशेब सरळ आहे. चुकीचा लेप लावला तर थोडी माती आणि दोन दिवस वाया जातात. चुकीचे ॲसिड ओतले तर फरशीच बदलावी लागते, आणि जुन्या चौकातल्या दगडाला जुळणारा दगड पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून अंगण दोन दिवस कोरडे राहू द्या, लिंबाच्या थेंबाने दगड ओळखा, पाण्याच्या थेंबाने तेल तपासा, डागाच्या आकारावरून आणि जागेवरून कारण शोधा, आणि जो उपाय ठरेल तो आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर करून पाहा. फरशी धुवायला येणाऱ्या कामगारालाही ॲसिड आणू नका, असे काम सुरू होण्याआधीच स्पष्ट सांगा.